शांत कूलरची वऱ्हाडी कसोटी

अमरावती-अकोल्याकडे ‘कूलर’ हा शब्द उच्चारला कीं खिडकींत घरघरणारी, वाळा किंवा गवत लावलेली पत्र्याची पेटी डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु संगणकाच्या पोटांतहि एक चिमुकला कूलर असतो. प्रोसेसरची उष्णता धातूच्या पातळ पत्र्यांवर घ्यावयाची आणि पंख्यानें ती हवेंत घालवावयाची, एवढेंच त्याचें काम. ‘आमचा कूलर अगदीं शांत’ अशी जाहिरात हल्लीं वारंवार आढळते. तिच्यावर विश्वास ठेवण्यापूर्वीं हा कूलर कोणत्या हवेंत तपासला, हें विचारावें, असें आमचें मत आहे.

खिडकींतला कूलर पाण्याच्या बाष्पीभवनानें हवा थंड करितो. संगणकाच्या साध्या कूलरास ती सोय नाहीं. खोलीच्या हवेपेक्षां प्रोसेसर अधिक थंड करणें त्याच्यानें होत नाहीं. म्हणून जाणते परीक्षक प्रोसेसरचें उष्णतामान खोलीपेक्षां किती अंश वर गेलें, तें सांगतात. समजा, पूर्ण कामाच्या वेळीं हा फरक ४५ अंश आहे. मग २२ अंशांच्या खोलींत प्रोसेसर ६७ अंशांवर राहील. वैशाखांत आमच्याकडील खोली ४२ अंशांवर गेली तर तोच ८७ वर जाईल. पुष्कळ प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या सुमारास आपला वेग आपणच कमी करितात. त्यापूर्वींच पंखा जोरानें फिरूं लागतो. पंख्याचा वेग दुप्पट झाला कीं आवाज सुमारें १५ डेसिबलनें वाढतो, आणि दर १० डेसिबलला तो कानास जवळजवळ दुप्पट वाटतो. थंड देशांतील मौनी येथें असा बडबड्या ठरतो!

कोणी म्हणेल, उन्हाळ्यांत खिडकींतला कूलर गर्जत असतां या चिमुकल्याचा आवाज ऐकतो कोण? परंतु एकाच खोलींत घरचीं माणसें निजलेलीं असतां मुलास रात्रीं अभ्यास करावयाचा असतो. शाळेच्या संगणकवर्गांत तर सारख्या आवाजाचे दहा पंखे एकत्र आले कीं आवाज १० डेसिबलनें चढतो, आणि मागच्या बाकावरील मुलास शिक्षकांचे शब्द नीट ऐकूं येत नाहींत.

विद्यार्थिमित्रांनो, ही परीक्षा तुम्हींच करावी. प्रथम पत्र्यांवर साचलेली धूळ काढावी. रात्रीं संगणक बंद ठेवून खोलीचा आवाज मोजावा. नंतर अर्धा तास संगणकास पूर्ण काम देऊन ठराविक अंतरावरून पुन्हां मोजावा, आणि खोलीचें व प्रोसेसरचें उष्णतामान शेजारीं लिहावें. मोबाइलवरील मापक अगदीं अचूक नसला तरी तुलनेस पुरतो. दोन कूलरांची तुलना करितांना दोहोंचा आवाज सारखा ठेवून कोणता अधिक थंड राखतो, तें पाहावें; कारण नुसती शांतता किंवा नुसता थंडावा साधणें कठीण नाहीं. मोठा पंखा सावकाश फिरवूनहि पुरेसा वारा मिळतो, हेंहि ध्यानांत येईल.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, संगणक घेतांना दुकानदारास आवाज, उष्णतेचा फरक आणि परीक्षेच्या वेळचें खोलीचें उष्णतामान, असे तीन आंकडे विचारावे. पहिला आंकडा एकटाच सांगणाऱ्याचें बोलणें अर्धेंच समजावें. विद्यार्थ्यांनीं जानेवारीचे व मे महिन्याचे आंकडे एकाच वहींत मांडावे. शाळा उघडल्यावर त्या वह्या पाहण्यास आम्हांस आनंद वाटेल.