गुगल अलर्टचा ई-मेल आला नाही, म्हणजे गावात काही घडलेच नाही?

गावाचे, पिकाचे किंवा स्वतःचे नाव एकदा नोंदवून ठेवायचे. त्याबद्दल इंटरनेटवर नवे काही सापडले की ई-मेल येतो. गुगल अलर्ट ही मोफत सेवा 2003 पासून सुरू आहे. पण गेवराई तालुक्यातील तलवाड्यासारख्या गावाला तिचा खरोखर उपयोग आहे का?

अलर्ट नेमके काय करतो?

तुम्ही दिलेला शब्द गुगलला नव्याने सापडलेल्या पानांवर आहे का, एवढेच तो पाहतो. ई-मेल लगेच हवा, दिवसातून एकदा की आठवड्यातून एकदा, हे आपण ठरवायचे. भाषा, देश आणि बातम्या, ब्लॉग, व्हिडिओ यांपैकी काय हवे, हेही निवडता येते. बातमी खरी आहे की खोटी, महत्त्वाची आहे की फालतू, याची खात्री मात्र तो देत नाही.

‘तलवाडा’ टाकले की काय होते?

पहिली अडचण नावाची. त्वरितादेवीचे तलवाडा आपले. पण पालघर जिल्ह्यात तलवाडा आहे, राजस्थानात बांसवाड्याजवळ आहे आणि पंजाबात होशियारपूर जिल्ह्यातही आहे. हिंदीत ‘ड’खाली नुक्ता असतो, एवढाच फरक.

दुसरी अडचण व्याकरणाची. आपली बातमी क्वचितच ‘तलवाडा’ म्हणते. ती ‘तलवाड्यात चोरी’ किंवा ‘तलवाड्यातील शेतकरी’ असे म्हणते. शब्द अवतरणचिन्हांत टाकला, तर गुगल तोच शब्द जसाच्या तसा शोधतो आणि ‘तलवाड्यात’ निसटतो. म्हणून ‘तलवाडा’, ‘तलवाड्यात’, ‘तलवाड्यातील’, ‘तलवाड्याच्या’ ही सगळी रूपे द्यावीत आणि सोबत ‘गेवराई’ जोडावे. नको असलेल्या ‘पंजाब’ आणि ‘बांसवाडा’ या शब्दांआधी वजाचे चिन्ह लावावे.

खरी अडचण पुढेच

एवढे करूनही गावाचे बरेच काही निसटते. गावातली निम्मी खबर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरते. तिथे गुगल पोहोचत नाही. अनेक ई-पेपरची पाने चित्राच्या रूपात असतात. सरकारी कार्यालयांच्या सूचना बऱ्याचदा कागद स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवल्या जातात, किंवा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या डोळ्यांना मराठी दिसतात, पण संगणकाला नुसती अक्षरांची भेळ वाटते.

त्यामुळे ई-मेल आला नाही म्हणजे यादी लागली नाही, मुदत जाहीर झाली नाही, असे समजणे धोक्याचे आहे. अलर्ट गप्प आहे याचा अर्थ इतकाच, की गुगलला वाचता येईल असे काही त्याच्या हाती लागले नाही.

नवा ई-मेल, जुनी माहिती

उलटाही धोका आहे. एक रुपयात पीक विमा 2023 च्या खरिपात सुरू झाला आणि 2025 च्या खरिपापासून बंद झाला. आता शेतकऱ्याचा हिस्सा खरीप पिकांसाठी विमा रकमेच्या कमाल 2 टक्के, तर नगदी पिकांसाठी कमाल 5 टक्के आहे. पण ‘पीक विमा’ असा अलर्ट लावला, तर एखाद्या संकेतस्थळाने जुनाच मजकूर नव्या पानावर चढवलेलाही येऊ शकतो. अलर्टच्या लेखी पान नवे, म्हणजे खबर नवी. तेव्हा पैसे भरण्याआधी सीएससी केंद्रात किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याकडे विचारलेले बरे.

मग वापरावा की नाही?

वापरावा, पण सावकाश चालणाऱ्या कामांसाठी. भरतीची जाहिरात, गावाच्या रस्त्याची निविदा, त्वरितादेवी देवस्थानाबद्दलचे लेखन किंवा आपल्या नावाने कोणी काही छापले आहे का, यासाठी आठवड्यातून एक ई-मेल पुरेसा आहे. शब्द जितके नेमके, तितका कचरा कमी. महिनाभरात कामाचे एकही पान आले नाही, तर तो अलर्ट बदलावा किंवा बंद करावा.

तातडीच्या गोष्टींसाठी त्याच्या भरवशावर राहू नये. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने बनवलेले ‘दामिनी’ अ‍ॅप आहे. गोदावरीच्या पाण्याच्या इशाऱ्यासाठी प्रशासनाचा संदेश आणि गावातली दवंडीच अधिक भरवशाची.

शेवटी, अलर्ट लावणे हे वाचकाचे काम झाले. कार्यालयांचेही एक काम उरते: प्रत्येक सूचना स्कॅन न करता युनिकोड मराठीत, गावाच्या नावासह, मजकूर म्हणून टाकणे. त्याला वेगळा निधी लागत नाही. टाइप केलेली फाइल कार्यालयात असतेच; ती छापून पुन्हा स्कॅन करण्याचा खटाटोप तेवढा थांबवायचा आहे. तोवर तलवाडेकरांनी अलर्ट लावावा, पण सूचना फलक वाचणे सोडू नये.