फांदीचा महिमा

आमच्या कळंबच्या रस्त्यात मधोमध झाड उगवलेलं दिसलं, की समजावं, इथे खड्डा आहे. आदल्या दिवशी त्यात पडलेला कोणी पुण्यवान गृहस्थ उठल्याबरोबर शेजारची फांदी मोडून तिथे रोवतो. फलकाची वाट पाहायची म्हटलं, तर ती फांदी रुजून तिला फळं धरतील!

गेल्या आषाढात रात्री नेरळहून स्कूटरने येत होतो. रस्ता अर्धा खणलेला. फलक नव्हता असं नाही. होता, पण खड्ड्यात. आम्ही दोघे शेजारी शेजारी पडलो होतो. मोबाइलच्या उजेडात मी तो निवांतपणे वाचला : 'काम चालू आहे, सावकाश जा.'

घरी गुडघ्याला हळद लावून घेत असताना शेजारच्या काकांनी निकाल दिला, "माणसाने डोळे उघडे ठेवून चालवावं."

काकांचा मान राखून सांगतो, हे साफ चूक आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. खड्डा दिसून पाय ब्रेकवर जाईतो तो सेकंद संपतो. वर रस्ता ओला! म्हणून तर इंडियन रोड काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत (२००१ची, २०१४ साली सुधारलेली) काम यायच्या बऱ्याच आधी इशारा, मग हळूहळू निमुळती होणारी वाट, मग काम आणि शेवटी पुन्हा मूळ रस्ता, असा क्रम दिला आहे. लग्नात कशी आधी बोलणी, मग साखरपुडा? आमच्याकडे एकदम 'सावधान'!

२०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८अ कलम आलं. सुरक्षेचे नियम न पाळणाऱ्या ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. मात्र त्यापायी कोणी मेलं किंवा अपंग झालं तर. माझा नुसता सोलवटलेला गुडघा त्यात बसत नाही.

पुढची गंमत ऐका. गणपतीपूर्वी काम संपलं, पण फलक तसाच उभा. चार दिवस लोक त्याला मान देऊन सावकाश गेले, मग त्याच्याकडे कोणी बघेना. दिवाळीनंतर तिथेच खरोखर पुन्हा खणलं. फलक तोच! दूधवाल्याने त्यावर विश्वास ठेवला नाही, आणि का ठेवावा? कॅन खड्ड्यात, दूध रस्त्यावर, हात गळ्यात.

काल संध्याकाळी काका कोयता घेऊन निघालेले दिसले. म्हटलं, "कुठे निघालात?"

"वळणावर नवीन खणलंय," ते म्हणाले. "काळोख पडायच्या आत फांदी लावून येतो."