नदी ओलांडलेली मुलगी

बुद्धिबळ म्हणा की चदुरंग, खेळ एकच. आपल्या घरांतल्या पोरांना हे सांगावे लागत नाही. चीनच्या शिए जूनपुढे मात्र प्रश्न नुसत्या नावाचा नव्हता. तिला खेळच बदलावा लागला.

तिचा जन्म 1970 चा. सहाव्या वर्षी ती शियांगची, म्हणजे चिनी बुद्धिबळ खेळू लागली आणि दहाव्या वर्षी बीजिंगच्या मुलींमध्ये विजेती ठरली. त्यानंतर थोड्याच काळात सरकारी मंडळींनी सुचवले, आता आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ खेळ. ज्यात नाव काढले तेच बाजूला ठेवायचे! आपल्यापैकी किती आईबाप तयार झाले असते?

कारण हे दोन खेळ भावंडे असली तरी वळण वेगळे. शियांगचीत मोहरे घरांत नव्हे, रेषा एकमेकींना छेदतात तिथे मांडतात. पटाच्या मधोमध नदी. आपला हत्ती सरळ धावतो; तिथला तिरका चालतो आणि नदी ओलांडू शकत नाही. सरळ धावण्याचे काम रथाकडे. शेजारी मोहरा आडवा आला की घोडा अडतो. तोफेची तऱ्हा आणखी न्यारी, मध्ये एखादा मोहरा असेल तरच त्याच्यावरून उडी घेऊन ती पलीकडचा मारते! प्यादे नदीपार गेले की आडवेही चालते, पण शेवटच्या रेषेवर पोचले तरी त्याचा वजीर होत नाही, कारण या खेळात वजीरच नाही. आणि चाल उरली नाही तर आपल्याकडे डाव बरोबरीत सुटतो, तिथे अडलेला हरतो.

म्हणजे नवे शिकण्याइतकेच हाताला लागलेले जुने वळण मोडायचे.

1950 पासून महिलांचे जगज्जेतेपद सोव्हिएत खेळाडूंकडेच होते. 1991 मध्ये मनिला येथे शिए जूनने माया चिबुर्दानिझेला साडेआठ-साडेसहा असे हरवले आणि ती परंपरा मोडली. माया 1978 पासून जगज्जेती होती! पुढे 1996 मध्ये सुसान पोल्गारने शिए जूनला हरवले. 1999 मध्ये तिने किताब परत मिळवला आणि 2000 मध्ये आपल्या नवी दिल्लीत तो राखला. आनंद पहिल्यांदा जगज्जेता झाला ती याच वेळची स्पर्धा, फक्त त्याची अंतिम लढत तेहरानला झाली.

यश आले म्हणून तो सल्ला शहाणपणाचा ठरला. आले नसते तर बीजिंगच्या त्या छोट्या विजेतीची आज कोणी चौकशी केली असती का, हे मनात येतेच. पुढे तिने मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. तिच्यानंतर आणखी पाच चिनी महिला बुद्धिबळात जगज्जेत्या झाल्या. आणि शियांगची? चीनमधल्या बागांत म्हातारी मंडळी आजही तिचाच पट मांडून बसतात.