भिंत कोणाची, धूप कोणाची?

नदीकाठाला भिंत घातली की धूप थांबते, हे अर्धसत्य आहे. आणि अर्धसत्यावर कंत्राटे फार उत्तम निघतात. पवना, इंद्रायणी व मुळा या तीन नद्यांच्या काठी वसलेल्या पिंपरी-चिंचवडला हे अर्धसत्य ‘नदी सुधार’ या गोंडस नावाने विकले जात आहे.

भिंतीला सरसकट विरोध करणे हा अडाणीपणा ठरेल. पुलाच्या टोकाशी, घाटाशी, वळणाच्या बाहेरच्या अंगाला जेथे प्रवाह येऊन आदळतो, तेथे दगडी पिचिंग किंवा तारेच्या जाळीत भरलेले दगड माती धरून ठेवतात. मात्र भिंत बहुधा ढासळते ती पायथ्यापासून. प्रवाह तळ खरवडतो आणि वरचे बांधकाम निराधार होते. म्हणून पायाशी सुट्या दगडांचा रुंद थर लागतो. पूर ओसरताना मागच्या मातीत कोंडलेल्या पाण्याने भिंत ढकलू नये म्हणून तिला छिद्रे लागतात. हा खर्च उद्घाटनाच्या छायाचित्रात येत नाही. तेथे येतात फरशी, दिवे आणि बाक!

परंतु मूळ प्रश्न निव्वळ स्थापत्याचा नाही, तो वर्गीय आहे. भिंत पाण्याची शक्ती नष्ट करीत नाही, ती दुसरीकडे धाडते. पात्र आवळले की पाणी चढते, वेग वाढतो. आणि वेग दुप्पट झाला तर काठावरील घसट सुमारे चौपट होते. कोणाच्या काठावर? समोरच्या आणि खालच्या, जेथे भिंत नाही. एका तीरावर भराव घालून गृहसंकुलाची जमीन ‘सुरक्षित’ करायची आणि दुसऱ्या तीरावरील पत्र्याच्या घरांतील कामगाराने दर पावसाळ्यात बिऱ्हाड पाठीवर घ्यायचे, हा कोणता सुधार?

निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा. चिखलीत इंद्रायणीच्या या रेषेच्या आत ३६ बंगले उभे राहिले. राष्ट्रीय हरित लवादाने २०२४ मध्ये ते पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही, आणि १७ मे २०२५ रोजी महापालिकेने ते भुईसपाट केले. घरे गेली ती विकत घेणाऱ्यांची. चौथरे चढत असताना महापालिकेचे डोळे कोठे होते?

१९१६ पासून कार्यरत असलेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र खडकवासल्याला, म्हणजे अगदी शेजारी आहे. प्रत्येक नियोजित भिंतीमुळे समोरच्या व खालच्या काठावर पाणी किती चढेल, माती किती जाईल, याची तेथे परीक्षा व्हावी आणि तिचा अहवाल निविदेपूर्वी मराठीत प्रसिद्ध व्हावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी नदीकाठच्या प्रत्येक वस्तीतून प्रभाग कार्यालयापर्यंत नेली पाहिजे.