झेल कुणाचा?

मैत्रिणींनो, तुमच्याकडे दूध उतू जायची वेळ कोणती? आमच्याकडे सकाळी साडेसहाची. त्या वेळी स्वयंपाकघरात कुणी नसतं म्हणून उतू जातं असं समजू नका. उलट तेव्हाच सगळे जमलेले असतात. हे चहाचा कप घेऊन ओट्याला टेकलेले, सासूबाई कोथिंबीर निवडत बसलेल्या, मी पोळ्या लाटतेय. दूध वर येताना तिघांनाही दिसतं, आणि तिघांनाही वाटतं की दुसरं कुणीतरी गॅस बंद करील. मग फस्स! मी घरात एकटी असते तेव्हा थेंबभरही दूध सांडत नाही.

आज हे आठवायला कारण घडलं ते मात्र दुधावरून नव्हे, झेलावरून. आमचा मुलगा आठवीत आहे आणि शाळेच्या क्रिकेट संघात खेळतो. परवाच्या रविवारी त्यांचा दुसऱ्या एका शाळेशी सामना होता. शेवटची दोन षटकं राहिली असताना चेंडू उंच उडाला. एका बाजूनं हा धावला, दुसऱ्या बाजूनं त्याचा मित्र. दोघंही ऐन वेळी थबकले आणि चेंडू दोघांच्या मधोमध पडला. त्याच फलंदाजानं पुढं सामना जिंकला. घरी आल्यावर ही हकिकत ऐकून मी काय म्हणाले असेन? "अरे, इतका सोपा झेल!" चार शब्द. त्यानं ताट बाजूला सारलं, आणि पुढचे तीन दिवस सरावाला गेला नाही. वर्गात चुकलेल्या मुलाला असं बोलायचं नसतं हे मला कळतं हो, आठवड्यातून चार दिवस तास घेते मी. पण घरच्या मुलापुढं ते सगळं शहाणपण कुठं जातं कोण जाणे.

माझी मावसबहीण अमेरिकेत ओमाहा नावाच्या गावी राहते. बुधवारी तिचा फोन आला तेव्हा मी तिच्यापाशी हे रडगाणं गायलं. ती म्हणाली, "अगं, त्याला रागावतेस काय? त्याला आमच्या ओमाहाचा 2018 सालचा झेल दाखव. मी त्या रात्री मैदानात होते."

आता हे ओमाहा प्रकरण थोडं समजावून सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. अमेरिकेच्या साधारण मध्यावर नेब्रास्का राज्यात, मिसुरी नदीच्या काठी हे शहर आहे. तिथं दर जूनमध्ये कॉलेजांच्या बेसबॉलची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा रंगते. 'कॉलेज वर्ल्ड सिरीज' असं तिचं भारदस्त नाव. जग वगैरे काही नसतं त्यात, सगळी अमेरिकेचीच कॉलेजं! 1947 आणि 1948 साली ती मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी झाली. त्या दोन्ही वर्षी अंतिम सामन्यात हरलेल्या येल विद्यापीठाच्या संघात जॉर्ज बुश नावाचा एक तरुण होता, तोच पुढं अमेरिकेचा अध्यक्ष झाला. म्हणजे झेल-बिल सुटून सामना हरला तरी माणसाचं अगदीच वाटोळं होत नाही, असं मी लगेच मनात टिपून ठेवलं. 1950 पासून मात्र ही स्पर्धा ओमाहाला गेली ती कायमची. फक्त 2020 साली करोनामुळं ती झाली नाही. जुनं रोझेनब्लाट मैदान 2010 पर्यंत होतं, 2011 पासून गावात नवं मैदान आहे. तिथं चोवीस हजारांच्या आसपास माणसं बसतात. लुइझियानाचा संघ आला की त्यांची माणसं मोटारींच्या तळावरच मोठाले हंडे चढवतात आणि जांबालाया रांधतात, असं बहीण सांगत होती. तांदूळ, कोळंबी, मांस, सिमला मिरची, सगळं एकाच भांड्यात. आपल्या कोळंबीभाताचा लांबचा मावसभाऊच म्हणायचा.

आणखी एक मजा म्हणजे कॉलेजच्या या खेळात 1974 पासून धातूच्या बॅटी चालतात. त्यामुळं फटका बसला की लाकडाचा 'ठक्क' आवाज न येता 'टणत्' असा आवाज होतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मागं सासूबाईंच्या हातून पातेलंच पडलं.

आणि मुलींचं काय, हे मी विचारल्याशिवाय राहते होय? मुली सॉफ्टबॉल खेळतात, तोच आपल्याकडच्या शाळांतूनही खेळतात तो, हाताखालून चेंडू टाकायचा. त्यांच्या कॉलेजांची अशीच मोठी स्पर्धा 1969 साली सुरू झाली, तीही याच ओमाहा शहरात. पुढं ती ओक्लाहोमा सिटीला गेली.

मला या स्पर्धेतली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिची रचना. पहिल्या श्रेणीची तीनशेच्या आसपास कॉलेजं वर्षभर खेळतात, त्यांतले चौसष्ट संघ निवडले जातात, आणि गाळता गाळता आठ ओमाहाला पोचतात. तिथं चार-चार संघांचे दोन गट असतात, आणि नियम असा की पहिला सामना हरलात म्हणून घरी जायचं नाही. दुसऱ्यांदा हरलात तरच बाहेर. आमच्या शाळेच्या भाषेत पुरवणी परीक्षाच की! फरक एवढाच की एकदा हरलेल्या संघाला पुढं जास्त सामने खेळावे लागतात, दमूनभागून, आणि पुन्हा चूक करायची सोय उरत नाही. अशा दोन गटांतून वर आलेले दोन संघ शेवटी एकमेकांशी तीनपैकी दोन सामने जिंकायला झगडतात. 2003 पासून हा रिवाज आहे.

2018 साली शेवटचे दोन संघ होते आर्कन्सा आणि ओरेगन स्टेट. यांतलं ओरेगन स्टेट पहिलाच सामना हरून पुरवणी परीक्षेतून वर आलेलं, आणि आर्कन्सानं अजिंक्यपद कधीच पाहिलेलं नव्हतं. अंतिम लढतीतला पहिला सामना आर्कन्सानं 4-1 असा जिंकला. दुसरा जिंकला की झालं! 27 जूनची रात्र. नववी, म्हणजे शेवटची इनिंग. आर्कन्सा 3-2 असं पुढं. बेसबॉलमध्ये प्रत्येक इनिंगला एका संघाचे तीन गडी बाद झाले की त्यांची पाळी संपते. ओरेगन स्टेटचे दोन बाद झालेले. तिसऱ्या बेसवर त्यांचा एक गडी बरोबरी साधायला टपून उभा. आता एकच बळी हवा होता.

आणि चेंडू उंच उडाला. रेषेच्या बाहेर, उजव्या बाजूला, प्रेक्षकांच्या कठड्याजवळ. बेसबॉलमध्ये रेषेबाहेरचा चेंडूही झेलला तर गडी बाद होतो. म्हणजे हा झेल पकडला की सामना खलास, अजिंक्यपद हातात. बहीण सांगते, सगळं मैदान उभं राहिलं होतं, आर्कन्साची लाल टोप्यांची गर्दी आधीच ओरडायला लागली होती. चेंडूकडं तिघं जण धावले. एक पहिल्या बेसवरचा, एक दुसऱ्या बेसवरचा, आणि एक लांबून उजव्या कोपऱ्यातून येणारा. तिघंही पोचले. तिघंही चेंडूच्या जवळ होते. आणि चेंडू तिघांच्या मधोमध गवतावर पडला.

मैत्रिणींनो, मी ती चित्रफीत पाहिली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आमचा ओटाच आला.

पुढचं मग होणारच होतं. त्याच फलंदाजानं, केडिन ग्रेनियर त्याचं नाव, जीवदान मिळाल्यावर चेंडू डाव्या बाजूला मारून बरोबरी साधली. त्याच्यामागून आलेल्या ट्रेव्हर लार्नकनं चेंडू थेट कठड्यापलीकडं भिरकावला, दोन धावा. 5-3. दुसऱ्या दिवशी तिसरा सामना झाला तो ओरेगन स्टेटनं 5-0 असा जिंकला. केव्हिन एबल नावाच्या पहिल्या वर्षाच्या पोरानं सबंध सामना एकट्यानं चेंडू टाकला, 129 चेंडू. एका स्पर्धेत चार सामने जिंकून देणारा तो पहिला गोलंदाज. सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. पुढच्या वर्षी त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली हे वाचल्यावर मी मात्र आईच्या नजरेनं तो आकडा पुन्हा वाचला. इतक्या कोवळ्या हातानं किती ओझं उचलायचं?

असो. त्या तिघांची नावं मला ठाऊक आहेत, पण मी मुद्दाम देत नाही. बहीण म्हणाली की त्या सामन्याचा विषय निघाला की अजून तिथं पहिल्यांदा तो झेलच निघतो. आदल्या दिवशी हाच संघ जिंकला होता, आणि त्या रात्रीही आठ इनिंग पुढं-मागं करत शेवटी 3-2 पर्यंत यांनीच आणून ठेवलं होतं, ते कुणाच्या ध्यानात राहत नाही. चेंडू पडला एवढंच राहतं. मला हे फार टोचलं, कारण 'इतका सोपा झेल' म्हणणाऱ्या त्या हजारो माणसांत मीही बसलेच होते की, फक्त माझं मैदान जेवणाच्या टेबलाएवढं होतं.

बुधवारी रात्री मी मुलाला ती चित्रफीत दाखवली. काही उपदेश केला नाही, तोंड आवळून बसले. (हे मला किती जड गेलं ते यांना विचारा.) त्यानं एकदा पाहिली, मग मागं घेऊन पुन्हा पाहिली. तिसऱ्या वेळी चेंडू हवेत असताना थांबवली आणि म्हणाला, "आई, हे कुणी ओरडलंच नाही का?"

त्याच्या प्रश्नात सगळी मेख होती, आणि ती माझ्या आधी त्याला सापडली. मी बहिणीच्या यजमानांकडून माहिती काढली, कारण तिला जांबालायापलीकडचे नियम फारसे येत नाहीत. उंच उडालेल्या चेंडूखाली एकाहून जास्त खेळाडू आले, तर ज्याला घ्यायचा आहे त्यानं मोठ्यांदा 'माझा' म्हणून पुकारायचं आणि बाकीच्यांनी बाजूला व्हायचं, हा तिथला पहिला धडा. कुणाचा हक्क मोठा हेही ठरलेलं असतं. लांबून पुढं धावत येणाऱ्याचा झेल आधी, कारण चेंडू त्याच्या समोर असतो. आतल्या खेळाडूला मागं मागं पळत, मान वर करून पकडावा लागतो. शहाणपणाचाच नियम आहे. पण हजारो माणसं एकाच वेळी ओरडत असताना कोण काय पुकारतंय ते कुणाला ऐकू येणार? आणि अशा वेळी माणूस दुसऱ्याला धक्का लागेल म्हणूनही थांबतो. ते तिघं आळशी नव्हते, धावत आले होते.

"आम्हीपण धावलो होतो," मुलगा म्हणाला. बस, एवढंच. मग मी त्याला म्हटलं, "रविवारी मी बोलले ते चुकलं." हे वाक्य काढायला मला बुधवार उजाडावा लागला.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "त्यांचं पुढं काय झालं?" मी सांगितलं की आर्कन्साचे संघ 2019 साली पुन्हा ओमाहाला पोचले आणि दोन्ही सामने हरून परतले, मग 2022 साली पोचले, 2025 साली पोचले, पण तोपर्यंत अजिंक्यपद काही मिळालेलं नव्हतं. खोटं कशाला सांगायचं? त्याला बरं वाटावं म्हणून मी त्याच स्पर्धेतली 1996 सालची दुसरी गोष्टही सांगितली. लुइझियाना स्टेटचा वॉरन मॉरिस, हाताचं हाड मोडून हंगामातला बराच काळ बाहेर बसलेला. अंतिम सामना, शेवटची इनिंग, दोन बाद, संघ एका धावेनं मागं. त्यानं पहिल्याच चेंडूवर त्या अख्ख्या हंगामातला आपला एकमेव होम रन मारला आणि सामना 9-8 असा जिंकला. मुलानं ती ऐकून घेतली, पण पुन्हा पाहिली ती 2018चीच.

गुरुवारी तो सरावाला गेला. त्याच्या मित्रालाही चित्रफीत दाखवून आला म्हणे. आल्यावर दोघांनी मिळून ठरवलेला नियम त्यानं घरातही जाहीर केला: दूध तापत ठेवलं की ते कुणाचं, हे आधी मोठ्यांदा पुकारायचं. सासूबाईंना फार पसंत पडलं.

शुक्रवारी सकाळी यांनी कप उचलला आणि अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "दूध माझं!" आम्ही दोघी निर्धास्त झालो. मग यांनी चहाचा घोट घेतला, वर्तमानपत्र उघडलं, आणि पाच मिनिटांनी मी शेगडी पुसायला घेतली.