तोंडाभोवतीचे पुरळ आणि मेडिकलची ट्यूब

स्त्रियांच्या आरोग्याचा विषय निघाला की आपण बाळंतपण, रक्तक्षय, गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया यांवर बोलतो. चेहऱ्यावरच्या पुरळाबद्दल बोलणे म्हणजे नट्टापट्ट्याचा प्रश्न, असे कार्यकर्त्या म्हणून आपल्यालाही वाटते. पण वडनेर आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या बैठकांत ही तक्रार पुन्हा पुन्हा येते आहे, म्हणून या अंकातली ही जागा तिला देत आहोत.

तोंडाभोवती, नाकाच्या कडेला, कधी डोळ्यांखाली बारीक लाल पुटकुळ्या उठतात. ओठांना लागून असलेली अरुंद पट्टी तेवढी कोरी राहते. खाज कमी, आग जास्त. डॉक्टर याला पेरिओरल डर्मटायटिस म्हणतात. हा रोग एकीचा दुसरीला लागत नाही. उष्ट्याने होत नाही, कुणाच्या नजरेने तर नाहीच. त्याची सगळी कारणे वैद्यकशास्त्राला उलगडलेली नाहीत. पण चेहऱ्याला लावलेले स्टिरॉइडचे मलम हे त्यातले सर्वांत ठळक कारण.

हे मलम घरात येते कसे? नवऱ्याच्या गजकर्णासाठी आणलेली ट्यूब उरते. शेजारीण सांगते, पार्लरवाली देते, किंवा मेडिकलमध्ये ‘गोरं व्हायची ट्यूब द्या’ म्हटले की मिळते. लावल्यावर चार-आठ दिवसांत चेहरा खरोखरच उजळ दिसतो, कारण स्टिरॉइडने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात. महिनोन्महिने लावत राहिले की त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ उठते. ट्यूब थांबवली की पुरळ उसळते, पुन्हा लावली की दबते. बाईला वाटते, ट्यूबच गुणाची! तिच्या भोळेपणाला हसण्याचे कारण नाही. औषधाचा गुणच तिला फसवणारा आहे.

केंद्र सरकारने मार्च 2018 मध्ये अशी चौदा स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. त्याआधी त्वचेवर लावायच्या औषधांना यातून सूट होती. नियम झाला तरी चिठ्ठी विचारतो कोण? 2020 मध्ये देशातल्या सर्वांत खपाच्या गोरेपणाच्या क्रीमने नावातला ‘फेअर’ शब्द काढून ‘ग्लो’ घातला. शब्द गेला, पण लग्नाच्या बाजारातला रंगाचा भाव कायम आहे. ट्यूब बंद कर म्हटल्यावर एक मुलगी म्हणाली, ‘ताई, रविवारी पाहुणे पाहायला येणार आहेत.’ या वाक्याला औषधशास्त्रात उत्तर नाही. ते आपल्याला तिच्या आईबापांशी आणि त्या पाहुण्यांशी बोलूनच शोधावे लागेल.

उपाय साधा आहे, सोसायला मात्र कठीण. स्टिरॉइडचे मलम बंद, त्याबरोबर स्नो, फाउंडेशन, घरगुती लेप सगळेच बंद. चेहरा नुसत्या पाण्याने धुवायचा. पहिले दोन-तीन आठवडे पुरळ वाढते आणि बहुतेक जणी इथेच हरतात. फार दिवस जोरदार मलम लावले असेल तर डॉक्टर टप्प्याटप्प्याने ते कमी करतात. गरजेप्रमाणे मेट्रोनिडॅझोलचे जेल किंवा काही आठवडे डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या देतात. गरोदर असल्यास ते आधी सांगायलाच हवे. हिंगणघाटच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे, सेवाग्राम आणि सावंगीला त्वचारोग विभाग आहेत. दम्याचा पंप किंवा पोटात घ्यायच्या स्टिरॉइडच्या गोळ्या मात्र कुणीही आपल्या मनाने थांबवू नयेत. पंप घेतल्यावर चूळ भरून तोंडाभोवती धुतले म्हणजे झाले.

त्या दोन-तीन आठवड्यांत गटाने तिच्या घरी जाऊन बसावे. सासूशी बोलावे, शेतावर टोमणे मारणाऱ्यांशीही. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने घरातल्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, घेऊन याव्यात. नाव इंग्रजीत बारीक अक्षरात असते. शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही असेल तर ती ट्यूब चेहऱ्याची नव्हे. चिठ्ठीशिवाय ती कुठून मिळाली याची नोंद ठेवा, यापुढे बिल मागा. अशा पाच-दहा नोंदी जमल्या की गटाच्या नावाने अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करू.