सिकलसेलग्रस्त तरुणांच्या मनाचे काय?

नागपूर-विदर्भात सिकलसेलची चर्चा होते ती रक्ताची. तपासणी किती झाली, वाहक किती, रुग्ण किती. दरवर्षी १९ जूनला सिकलसेल दिनाचे फलक लागतात, भाषणे होतात. परंतु जो हा आजार घेऊनच जन्मला आणि आज बावीस-पंचवीस वर्षांचा झाला, त्याच्या मनात काय चालले आहे, हे कुणी विचारत नाही.

विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडे, सांधे, छाती ठणकू लागते. पुढे अनेकांच्या खुब्याचा सांधा निकामी होतो. पण वेदना बाहेरून दिसत नाही. म्हणून गुरुजी म्हणतात शाळा चुकवतो, मालक म्हणतो कामचोर आहे, आणि दुखणे थांबवणारे इंजेक्शन मागितले तर दवाखान्यातही संशयाने पाहिले जाते. पिवळट डोळे आणि उशिरा झालेली वाढ, यावरून मित्र चिडवतात ते वेगळेच. वय वाढले की बालरुग्ण विभागातील ओळखीचे डॉक्टर सुटतात. मोठ्यांच्या वॉर्डात आपली कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. जन्मभर आपले दुखणे खरे आहे हे सिद्ध करीत राहायचे, याने माणूस आतून खचणार नाही तर काय होईल?

नागपुरात धम्मक्रांती झाली १९५६ साली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद जगापुढे मांडली. तेव्हापासून या आजाराला जातीचे लेबल चिकटले. 'तुमच्या लोकांचा आजार' असे म्हणणारे सुशिक्षित आजही भेटतात. वस्तुतः हे जनुक मलेरियाच्या प्रदेशात टिकले, कारण वाहकाला मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. ते गोंड, माडिया, तेली, कुणबी समाजातही आढळते. जातीबाहेर लग्न न करण्याच्या प्रथेने ते त्या त्या समाजात कोंडून राहिले. जातीचा प्राण म्हणजे जातीअंतर्गत विवाह, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठात सांगितले होते.

आई आणि वडील दोघांकडूनही हे जनुक आले तरच मुलाला हा आजार होतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात ती शक्यता २५ टक्के. तरी घराघरांत दोष जातो आईच्या माथी, आणि मुलगी रुग्ण असेल तर तिचे स्थळ येण्याआधीच परत जाते. शासकीय समुपदेशनाचा मुख्य भर लग्नाआधी रक्ताचा अहवाल जुळवण्यावर. तुला झोप लागते काय, जगावेसे वाटते काय, हे विचारणे त्यात क्वचितच येते.

संपत रामटेके यांनी नागपुरात सिकलसेल सोसायटी उभी करून या रुग्णांसाठी आयुष्य वेचले. २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, हे मोठेच यश. पण त्यातील मेख पाहा. कलम ३२ नुसार ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या या तरुणाला उच्च शिक्षणात ५ टक्के राखीव जागांचा हक्क आहे. कलम ३४ मधील नोकरीच्या ४ टक्के आरक्षणात मात्र रक्ताच्या आजारांचे नावच नाही! म्हणजे शिका, पण नोकरी मागू नका. पदवी हाती घेऊन घरी बसलेल्या या पोराला उदासीनता येते ती काही रक्तातून आलेली नसते.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. लक्ष्य २०४७, तपासणी ७ कोटींची, भर आदिवासी भागांवर. आदिवासी बांधवांना ते मिळालेच पाहिजे. पण इंदोरा, पाचपावली, टेका नाका येथील बौद्ध वस्त्या कुणाच्या नकाशात आहेत? आणि २०४७ साली रोग हटेल तेव्हा हटेल. आज जिवंत असलेल्यांचे काय?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसोपचार हा हक्क ठरवला आहे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते, हे किती विहारांच्या फलकावर लिहिले आहे? मेडिकल आणि मेयोत सिकलसेलची ओपीडी असेल त्याच दिवशी, त्याच मजल्यावर मानसोपचारतज्ज्ञ बसवा, ही मागणी फार खर्चाची नाही. कलम ३४ मध्ये दुरुस्तीची मागणी मात्र संसदेतच न्यावी लागेल, आणि आमच्या मतांवर निवडून आलेल्या खासदारांना पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे.